बाबांच्या पेटीतले कागद समजून घ्यायला एआयची मदत – तुमचे अनुभव सांगा

धुऱ्यावरची

नमस्कार मंडळी.

मी आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. गेल्या पोळ्याच्या आठ दिवस आधी बाबा गेले. वावराचं सगळं तेच पाहायचे. भाऊ पुण्याला नोकरीवर, आईला कागदातलं कळत नाही, म्हणून दिवाळीनंतर बाबांची लोखंडी पेटी मी उघडली. सातबारे, आठ-अ (खात्याचे उतारे), फेरफाराच्या म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याच्या नोंदींच्या नकला, सोसायटीच्या पावत्या, एक मोजणीचा नकाशा, बियाण्यांची बिलं, आजोबांच्या वेळचे दोन पिवळे पडलेले स्टॅम्पपेपर. मोजले तर ६३ कागद निघाले. बाबांनी एकही फेकला नव्हता.

गावात कुणाला दाखवावेत तर वावराची गोष्ट संध्याकाळपर्यंत चार घरी जाते. वकिलाकडे जावं तर तो पहिला प्रश्न विचारणार, नेमकं काय पाहिजे? आणि तेच मला माहीत नव्हतं. म्हणून एक रविवार ओसरीवर बसून सगळ्या कागदांचे उजेडात फोटो काढले, वर्षाप्रमाणे लावून पीडीएफ केल्या आणि एका एआय चॅटमध्ये टाकल्या.

खरं सांगते, पहिल्या तासातच डोळे भरून आले. आयुष्यभर ऐकलेले शब्द पहिल्यांदा कुणीतरी न चिडता समजावून सांगत होतं. भोगवटादार वर्ग १ म्हणजे काय, वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय का विकता येत नाही, 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा बोजा कसा चढतो आणि कर्ज फिटल्यावर तो कमी करून घ्यावा लागतो. आमचा २००९ चा एक बोजा अजून तसाच आहे, आणि कर्ज फेडल्याची पावती त्याच पेटीत आहे! बाबांना हे माहीत असतं तर दरवेळी बँकेतून रिकाम्या हाताने परत आले नसते.

पण दोन ठिकाणी मी थबकले.

पहिलं. आमच्या सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र २.४३ हे.आर. (हेक्टर-आर), म्हणजे सहा एकर. एका जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर लागवडीखालचं क्षेत्र त्याने २.३९ वाचलं आणि पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन) ०.१२. बेरीज केली तर २.५१ येते. फोटो मोठा करून पाहिला तर तो आकडा २.३१ होता. पटवाऱ्याच्या हातचा १, खालची शेपटी जरा वळलेली, त्याचा ९ झाला होता. त्याला सांगितलं तर लगेच माफी मागून दुरुस्त केलं. पण मी बेरीज केली नसती तर?

दुसरं जास्त गंभीर आहे. आजोबा १९८३ ला गेले. १९८४ च्या वारसाच्या फेरफारात आजी, बाबा, काका आणि आत्या अशी चार नावं लागली. १९९१ च्या फेरफाराने आत्याचं नाव कमी झालं. मी विचारलं, कशाच्या आधारावर? उत्तर आलं, "आत्याने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून आपला हिस्सा भावांच्या लाभात सोडला." किती स्पष्ट वाक्य. मी ते आईला वाचूनही दाखवलं. रात्री झोप येईना, म्हणून पुन्हा विचारलं, हे कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत आहे? तेव्हा म्हणतो, फाईलमध्ये असा उल्लेख नाही, अशा प्रकरणात साधारणपणे असं असतं म्हणून तसं लिहिलं. मूळ ओळ एवढीच आहे: "वर्दी व जबाबावरून नाव कमी केले."

आत्या कारंजा घाडगेला असते. तिच्याबद्दल जे लिहिलेलंच नाही ते मी खरं मानून बसले होते.

तर विचारायचं असं की तुम्ही तुमच्या फायली अशा वाचता का? अशा चुकांपासून कसं वाचायचं? आणि जमिनीचं जाणणारं कुणी असेल तर, 'वर्दी व जबाब' म्हणजे नेमकं काय?

तिफन

ताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं.

मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. माझी पेटी नाही, पण पीक विम्याचा जी.आर. (शासन निर्णय) आहे. सोयाबीनचा विमा मंजूर होत नाही, झाला तर शेजारच्या महसूल मंडळाले मिळते अन् आमाले नाही, असं दरवर्षी. काहून, ते कोणीच नीट सांगत नाही. मी तो जी.आर. एआयमध्ये टाकला अन् म्हटलं, मले बारावी पास माणसाले सांगते तसं सांग.

तेव्हा पहिल्यांदा कळलं का उंबरठा उत्पन्न म्हणजे काय. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्याची सरासरी काढायची, तिले जोखीमस्तरानं गुणायचं. समजा सरासरी हेक्टरी १० क्विंटल अन् जोखीमस्तर ७० टक्के, तर उंबरठा ७ क्विंटल. पीक कापणी प्रयोगात मंडळाचं उत्पन्न ५.६ निघालं तर तूट १.४, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के. विमा रकमेच्या २० टक्के भरपाई. माझ्या वावरात काय पिकलं त्याच्यावर नाही, मंडळाच्या सरासरीवर आहे हे सगळं. आता मी कापणी प्रयोगाच्या दिवशी तिथं उभा राहतो.

चूक माझ्याकडूनही झाली. मी दोन वर्षांचे जी.आर. एकाच ठिकाणी टाकले. विचारलं हप्ता किती, तर म्हणते एक रुपया. एक रुपयाची योजना २०२३ च्या खरिपापासून होती, २०२५ च्या खरिपापासून आपल्याले खरीप पिकाले २ टक्के अन् कापसाले ५ टक्के भरा लागते. दोन्ही कागद त्याच्यासमोर होते, जुना उचलला. तेव्हापासून मी हर हंगामाची वेगळी फाईल ठेवतो अन् प्रश्नातच वर्ष लिहितो.

अक्षरजुळणी

यवतमाळात पंचवीस वर्षं डीटीपीचं काम करतोय, म्हणून एक गोष्ट सांगतो जी फार लोकांच्या लक्षात येत नाही.

तुमची पीडीएफ दिसायला मराठी असली तरी आतून मराठी असेलच असं नाही. युनिकोड रुळायच्या आधीचे कितीतरी मराठी कागद कृतीदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टाइप झाले आहेत. पडद्यावर 'शासन निर्णय' दिसतं, पण त्यातली ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिखल येतो. एआय बरेचदा तो चिखलच वाचतो. त्यातून जे उत्तर येतं ते फाईलमधलं नसतं, त्याच्या आधीच्या माहितीतलं असतं, आणि वाचणाऱ्याला ते कळत नाही.

म्हणून कुठलीही मराठी पीडीएफ टाकण्याआधी एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून पाहा. मराठी आली तर ठीक. चिखल आला तर त्या पानांची चित्रं करून टाका, म्हणजे तो अक्षरं डोळ्यांनी पाहिल्यासारखी ओळखेल. किंवा माझ्यासारख्याकडून युनिकोडमध्ये बदलून घ्या.

फोटो काढताना कागद सपाट, सावली नको, एका फोटोत एकच पान. घडीवर आलेला आकडा हमखास चुकतो. धुऱ्यावरची ताईंनी १ आणि ९ चं लिहिलं, त्यात ५ आणि ४, ३ आणि २ हेही धरा.

नागमोडी

मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नका.

सातबारा एक वेळ ठीक आहे, तो कुणीही ऑनलाइन पाहू शकतो. पण पेटीत आधार कार्डाच्या झेरॉक्स असतात, बँकेचं पासबुक असतं, कुणाचा अंगठा असतो, घरातल्या बायकांची जन्मतारीख असते. हे सगळं आपण एका परक्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर पाठवतो. मोफत वापरात तुमचं बोलणं मॉडेल शिकवायला वापरलं जाऊ शकतं, आणि ते बंद करायची सोय सेटिंगमध्ये कुठेतरी आत असते. आपल्या गावात किती जण तिथवर जातात? सेतू केंद्रावर कागद ठेवून आलो तर जीव खालीवर होतो, मग इथे का होत नाही?

धुऱ्यावरची

नागमोडी, राग कशाला. तुमचं म्हणणं मला पटलं आणि खरं तर उशिरा पटलं. माझ्या ६३ कागदांत पासबुकाची दोन पानं होती, ती मी काल काढून टाकली. आता आधी कागदावर पोस्ट-इटची चिठ्ठी लावून आधार आणि खाते क्रमांक झाकते, मगच फोटो काढते. सेटिंगही बंद केली.

तिफन दादा, सात वर्षांचं गणित मी आमच्या गटात सांगितलं. दोन बायांनी कागदावर लिहून घेतलं.

कोरा_पाट

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, सध्या मोर्शीजवळ गावी राहून काम करतो. हे आत कसं चालतं ते थोडं सांगतो, म्हणजे चुका का होतात ते कळेल.

फाईल लहान असेल तर एआय ती पूर्ण डोळ्यासमोर ठेवून उत्तर देतो. मोठी असेल, किंवा अनेक फायली असतील, तर बहुतेक ठिकाणी आधी तिचे लहान लहान तुकडे होतात. तुम्ही प्रश्न विचारला की त्या प्रश्नाशी अर्थाने जवळचे वाटणारे काही तुकडे शोधले जातात, आणि फक्त तेवढेच मॉडेलसमोर ठेवले जातात. उत्तर त्यावरून बनतं. बाकीची फाईल त्या क्षणी त्याच्यासमोर नसते.

यातून तीन गोष्टी निघतात. "आत्याचं नाव कोणत्या फेरफाराने कमी झालं" असा टोकदार प्रश्न चांगला चालतो, कारण योग्य तुकडा सापडतो. "सगळ्या फायलींत मिळून किती फेरफार आहेत" असा मोजणीचा प्रश्न घोटाळा करतो, कारण सगळे तुकडे समोर आलेलेच नसतात. आणि तिसरं, तो "फाईलमध्ये नाही" म्हणाला तर त्याचा अर्थ त्याला सापडलं नाही, एवढाच. वाक्य वेगळ्या शब्दांत लिहून पुन्हा विचारायचं. जुन्या कागदात 'रस्ता' नसतो, 'पांदण' किंवा 'वहिवाट' असते. शब्द बदलला की तुकडा सापडतो.

मराठीची एक अडचण आणखी. ही मॉडेलं मजकूर टोकन नावाच्या बारीक तुकड्यांत मोडतात, आणि तेवढाच मजकूर देवनागरीत असेल तर इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. म्हणून त्याची मर्यादा आपल्या फायलींवर लवकर भरते. ६३ पानं एकदम टाकण्यापेक्षा विषयाप्रमाणे गठ्ठे करा. फेरफारांचा एक, कर्जाचा एक, मोजणीचा एक.

गूगलचं नोटबुकएलएम याच कामासाठी बनवलेलं आहे. आपल्याकडे ते २०२४ च्या जूनपासून आहे. मोफत खात्यात एका वहीत ५० स्रोत ठेवता येतात, आणि उत्तरातल्या वाक्यांपुढे बारीक आकडे येतात. त्या आकड्यावर बोट ठेवलं की मूळ परिच्छेद उघडतो. तो उघडून पाहायची सवय लावा. आकडा आहे म्हणजे वाक्य बरोबर आहे असं नाही, कुठे पाहायचं ते कळतं एवढंच.

अभ्यासिका

मी अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकते, घर पातूरकडे. माझा उपयोग वेगळा आहे. मी नोट्स टाकते आणि त्यालाच मला प्रश्न विचारायला लावते. एकेक प्रश्न, माझं उत्तर झाल्याशिवाय पुढचा नाही, आणि चुकलं तर नोट्सचं पान सांग. सारांश मागायची तेव्हा वाचून सगळं आलं असं वाटायचं आणि पेपरात हात चालायचा नाही. आता माती परीक्षणाच्या धड्यात मी नेमकी कुठे अडखळते ते मला माहीत आहे. मेसमधून परत येताना मराठीतून बोलूनही उत्तरं देते.

ताई, तुम्हीही हे करून पाहा. त्याला म्हणा, फेरफार समजला का ते मला विचार.

पटवारीकाका

मुली, तुझा धागा दोनदा वाचला. मी चौतीस वर्षं या खात्यात काढली, अर्ध्या सेवेत हाताने उतारे लिहिले. तुझ्या २.३१ वरची ती वळलेली शेपटी माझ्यासारख्याच कुणाची तरी असेल.

बेरीज केलीस ते फार छान केलंस. लागवडीखालचं क्षेत्र अधिक पोटखराब म्हणजे एकूण, हे प्रत्येक उताऱ्यावर जुळलंच पाहिजे. तसंच आठ-अ मध्ये एका खातेदाराच्या सगळ्या गटांची बेरीज असते, ती सातबाऱ्यांशी ताडून पाहायची. जुन्या कागदांवर एकर-गुंठे असतील: ४० गुंठ्यांचा एकर, १०० आरचा हेक्टर, आणि एक एकर म्हणजे सुमारे ०.४० हेक्टर. एआयला रूपांतर करायला लाव, पण एकदा पेन्सिलने स्वतः कर.

आता तुझा मुख्य प्रश्न. वर्दी म्हणजे हक्कात बदल झाल्याची खबर, जी पटवाऱ्याला दिली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे ती तीन महिन्यांत द्यायची असते. मग कलम १५० प्रमाणे गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, कुणाची हरकत आहे का पाहतात, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. जबाब म्हणजे त्या वेळी संबंधित माणसाने दिलेलं, लिहून घेतलेलं निवेदन. त्या काळात बहिणींची नावं अशा जबाबावर कमी झाल्याचे फेरफार मी शेकड्यांनी पाहिले आहेत. त्यातले किती बहिणींनी मनापासून दिले होते आणि किती 'सही कर बाई' म्हणून घेतले होते, ते त्या कागदावरून कधीच कळायचं नाही. हे मला आजही टोचतं.

हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १७. जबाब म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. म्हणून तुझ्या एआयने जो शब्द मनाने घातला तो साधा नाही, त्याने सगळं प्रकरण बदलतं. दुसऱ्या बाजूने, कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानतात. आणि फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, ती मुळात वारसा कायद्याने ठरते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ मध्ये मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे. तुझी आत्या १९८३ लाच वारस झाली होती.

आता काय कर: फेरफाराची नुसती नक्कल तुझ्याकडे आहेच. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्या फेरफाराचे सहपत्र मागव. वर्दी, नोटीस आणि जबाब, तिन्ही. फेरफार क्रमांक, वर्ष, मौजा स्पष्ट लिही. मग तो जबाब स्वतः वाच. पुढचं वकिलाला विचार, पण हातात कागद घेऊन.

आणि एक. स्टॅम्पपेपर किती जुने आहेत? मोडी असेल तर एआयवर बिलकुल विसंबू नको. मी एकदा १९३२ चं खरेदीखत दाखवून पाहिलं, इतक्या सफाईने भलतीच नावं सांगितली की मीच घाबरलो. मोडी वाचणारे लोक नागपुरात सापडतात, पुराभिलेखाचे मोडीचे वर्गही होतात.

वैनगंगाकाठ

आमच्याकडे हा विषय एकट्याच्या पेटीचा नाही, गावाच्या कपाटाचा आहे.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी मिळालेल्या गावांपैकी ते एक. त्यानंतर आमच्यासारख्या किती गावांनी दावे केले. दावा मिळाला की कपाट भरतं: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या जुन्या वहिवाटी हक्कांच्या नोंदी), ग्रामसभेचे ठराव, नकाशे, वन विभागाची पत्रं, तेंदूपत्त्याच्या लिलावाचे करार. हे सगळं वाचू शकणारे गावात दोघं-तिघं. ते नसले की ग्रामसभा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहते.

आम्ही करार टाकून विचारतो, मजुरी किती दिवसांत द्यायची लिहिली आहे, उशीर झाला तर काय, आणि मूळ कलम दाखव. ते कलम ग्रामसभेत मोठ्याने मराठीत वाचायचं, मग गोंडीत सांगायचं. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात धरला आहे. हे ऐकून माहीत होतं, पण कायद्याची ओळ बोटाखाली आली त्या दिवशी आमच्या एका आजीने ती तीनदा वाचून घेतली.

आमचा नियम एकच केला आहे. एआयने सांगितलेलं ठरावात लिहायचं नाही. कागदातली ओळ लिहायची, पान क्रमांकासहित. नेटवर्क टेकडीवर जाऊन मिळतं, म्हणून प्रश्न आधी वहीत लिहून नेतो. मला वाटतं त्यामुळे प्रश्नही चांगले होतात.

तिफन

वैनगंगाकाठ, हे 'ओळ लिहायची' वालं मी उचलून राहिलो.

नागमोडी

पटवारीकाकांचा प्रतिसाद जपून ठेवला. ताई, सहपत्र मिळालं का ते नक्की कळवा.

धुऱ्यावरची

उशीर झाला, माफ करा. काकांनी सांगितलं तसा अर्ज केला होता. तीन चकरा झाल्या. चौथ्या वेळी अर्जावर फेरफार क्रमांक, वर्ष, मौजा, पान सगळं लिहिलेलं पाहून तिथल्या बाई म्हणाल्या, असं नेमकं मागितलं की शोधायला सोपं जातं, आणि त्यांनीच गठ्ठा काढून दिला.

जबाब एक पानाचा आहे. निळी शाई, अक्षर नेटकं. मी घरी येऊन तो एआयमध्ये टाकला. त्याने तीन ओळींत सांगितलं: अर्जदार बहिणीने स्वखुशीने हिस्सा सोडला, भावांची हरकत नाही, दोन पंचांच्या सह्या आहेत. सगळं बरोबर होतं. पण आता मला सवय लागली आहे, म्हणून म्हटलं, सारांश नको, एकेक ओळ उतरवून दे. आणि मी मूळ कागद शेजारी ठेवून बोटाने ओळ ओळ जुळवत गेले.

नवव्या ओळीत लिहिलं आहे: "पूर्व धुऱ्यावरील दोन आंब्यांचे फळ हयातीपर्यंत मजकडे राहील."

धुरा म्हणजे आमच्याकडे वावराचा बांध. सारांशात ही ओळ नव्हती. फेरफारातही नाही, सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातही कधी चढली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कारंजाला गेले. आत्याच्या हातात कागद दिला. चष्मा लावून तिने सही पाहिली आणि म्हणाली, "हो, माझीच हाय. त्या साली तुझ्या बापावर लय कर्ज होतं." मग नववी ओळ मी वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मले वाटे, तो आपल्या मनानं आणते."

बाबा दर उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेनंतर, एसटीच्या टपावर आंब्याचं पोतं टाकून तिच्याकडे जायचे. आम्ही लहान होतो तेव्हा भांडायचो की सगळ्यात गोड आंबे तिकडे का जातात. त्यांनी कधी कारण सांगितलं नाही. मागच्या वर्षी दम लागत होता तरी गेले होते.

भावाशी फोनवर बोलणं झालं. आम्ही दोघं आणि काकांची मुलं मिळून वकिलाकडे जाणार आहोत, आत्यालाही घेऊन. हिस्सा परत नावावर करायचा की काय करायचं ते तिने ठरवायचं, घाई नाही. सोसायटीचा बोजा कमी करायचा अर्जही दिला आहे, पावतीची झेरॉक्स जोडून.

पूर्व धुऱ्यावरचा एक आंबा वादळात पडला, दुसरा उभा आहे. यंदा मोहोर बरा आहे. पोतं मी नेणार.

पटवारीकाका

जाताना तो जबाब प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेव. निळी शाई पावसाने लवकर जाते.